सोबतीची खुर्ची

गाडी वळणावर थांबली तेव्हा मला वाटलं, समोर गुरं आली असतील. मी मागे एका आजोबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून बसले होते. त्यांच्या छातीत कळ आलेली, सोबत त्यांचा मुलगा. सायरन चालू, इंजिन चालू आणि गाडी जागच्या जागी.

"ओ डायवर, झोपला का काय?" मुलगा ओरडला.

रुग्णवाहिकेच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या मध्ये हातभर लांबीची एक सरकती काच असते. मी ती सरकवली. वाबळेभाऊंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती. समोर घाटातला रस्ता मोकळा होता. गुरं नव्हती, ट्रक नव्हता, काहीच नव्हतं.

"भाऊ?"

"हां."

"काय झालं?"

"निघतो, मॅडम."

पण निघाले नाहीत. मी सवयीनं घड्याळाकडे बघितलं. चार मिनिटं गेली. मुलगा मागचं दार उघडून खाली उतरायला निघाला, त्याला मी शर्टाला धरून बसवलं. मग मागून आलेल्या एसटीनं जोरात हॉर्न दिला आणि जणू त्या आवाजानंच ढकलल्यासारखी गाडी पुढे सरकली.

आजोबा वाचले, हे आधीच सांगून टाकते. त्यांचं नशीब चांगलं, दुसरं काही नाही.

गोरक्ष वाबळे आमच्या गाडीचे पायलट. आमच्या सेवेत ड्रायव्हरला पायलट म्हणतात, आणि कुणी ड्रायव्हर म्हटलं तर भाऊ हसून म्हणायचे, "विमान उडवतो म्हणा, पण खालून." आधी बारा वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस. दुधाला धक्का लागू देत नव्हतो, माणसाला काय देणार, असं म्हणायचे. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, गाडीवरची डॉक्टर. सिन्नरच्या पुढचा घाट आणि आजूबाजूची तीसेक गावं आमच्याकडे. तीन वर्षं आम्ही दोघं एका गाडीत होतो. माझा डबा कधी खारट झालाय हे माझ्या आधी त्यांना कळायचं.

त्याच वळणावर गाडी थांबायची ही तिसरी खेप होती. वरच्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "वाबळे, एक तारखेपर्यंत नीट होऊन या. नाहीतर चावी जमा करा."

"नीट होऊन या म्हणजे काय, मॅडम?" बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाले. "मी काय गॅरेजला जाऊ? मला गाडी सोडून दुसरं काय येतं?" मग जरा वेळानं, "झोप तर चार महिने नाही. धाकटी जवळ आली का अंगावर वसकन ओरडतो. परवा ती आईला म्हणली, पप्पा गेले का ड्युटीला, मग मी बाहेर येते."

चार महिने म्हणजे कस्तुरीपासून. ते सांगायला हवं.

मोटरसायकलवर तिघं, नवरा-बायको आणि सात वर्षांची मुलगी. पिकअपनं उडवलं. आम्ही पोचलो तेव्हा वडील संपले होते. आई बेशुद्ध, डोक्यातून रक्त. आणि मुलगी रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसलेली, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. आम्हाला बघून म्हणाली, "दुसरी तिकडं उडाली, तुमच्या चाकाखाली येईल."

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात: जो ओरडतोय, बोलतोय, त्याचा श्वास चालू आहे. गप्प आहे त्याच्याकडे आधी जा. मी कस्तुरीचं पोट दाबून बघितलं, मऊ होतं. नाडी जरा जलद, पण पोर घाबरलेलं. तिला खाटेशेजारच्या बाकावर, त्या काचेजवळ पट्ट्यानं बांधून निजवलं आणि आईकडे वळले. काचेतून भाऊंना म्हटलं, "हिला बोलतं ठेवा."

ते त्यांच्या आवडीचं काम. कस्तुरीनं वाटेत शेळीचं नाव सांगितलं, शाळेतल्या बाईंचं नाव सांगितलं, सायरन तुम्ही तोंडानं वाजवता का असं विचारलं. भाऊ म्हणाले, "हो तर, दम लागतो फार." ती खुदकन हसली. मला आठवतं, आईच्या नाकातोंडातलं रक्त ओढून काढताना मलाही हसू आलं होतं.

घाट उतरताना कधीतरी ती गप्प झाली. रुग्णालयाच्या दारात मी तिच्याकडे वळले तेव्हा ती गेलेली होती. पोटात प्लीहा फाटून आतल्या आत रक्त गेलं होतं. बाहेर एक ओरखडा नाही. आई वाचली.

त्या संध्याकाळी भाऊ गाडी धुवायला लागले आणि धुतच राहिले. मी डबा उघडून जेवले. मेथीची भाजी होती. मला वाटायचं, मी मनानं खंबीर आहे.

मेडिकल कॉलेजातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर तस्नीम इनामदार तेव्हा एक अभ्यास करत होत्या. रुग्णवाहिका, अग्निशमन, जळीत वॉर्ड, अशा ठिकाणी काम करून आतून विझून गेलेल्या माणसांवर. त्यांना एक औषध देऊन बघायचं. औषध नवीन नाही. भूल देणारे डॉक्टर रोज वापरतात ते केटामीनच, पण अगदी थोडं, सलाइनमधून, चाळीस मिनिटं सावकाश. माणूस पूर्ण झोपत नाही, पण इथंही राहत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून पडायचं आणि मन जिथं नेईल तिथं जायचं. मी भाऊंना घेऊन त्यांच्याकडे गेले.

"परदेशात अळंब्यांतल्या द्रव्यावर असेच प्रयोग चालू आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "ते आपल्याला वापरता येत नाही, हे वापरता येतं. वाबळे, मी तुम्हाला चमत्कार सांगत नाही. काहींना फरक पडतो, काहींना नाही. काहींना तिथं जे दिसतं ते सोसत नाही."

"म्हणजे नशाच की," भाऊ म्हणाले. "माळकरी आहे मी, मॅडम. साधी सुपारी खात नाही."

"मग तुम्हाला स्वस्तात चढेल," मी म्हटलं.

ते हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. डॉक्टरही हसल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही, हेमांगी? तुम्ही कशा आहात?"

"मी ठीक आहे."

"अभ्यासाच्या अर्जात एक प्रश्न आहे. शेवटचं कधी रडलात?"

मी आठवून बघितलं. "मला तसं रडू येत नाही पटकन."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

प्रत्येकानं सोबत एक माणूस आणायचा, अशी पद्धत होती. शेजारच्या खुर्चीत बसायला. भाऊ म्हणाले, "बायको नको. ती पदर तोंडाला लावून बसंल, मला तिचीच काळजी. तुम्ही बसा, मॅडम. तुम्ही असल्या का मागची काळजी नसते मला."

डॉक्टरांनी मला नियम समजावून सांगितले. बोलायचं नाही. नावानं हाक मारायची नाही. हात लावायचा नाही, त्यांनी मागितला तरच द्यायचा. रडले तर रडू द्यायचं. "त्यांचं सगळं माझ्यासमोर स्क्रीनवर दिसेल. तुम्ही फक्त असायचं. जमेल?"

"पाच मिनिटांत बाळंतपण करते मी चालत्या गाडीत," मी म्हटलं. "नुसतं बसायला न जमायला काय झालं?"

"आणि एक," डॉक्टर भाऊंना म्हणाल्या. "अभ्यासाचा नियम आहे, एकाला एकदाच. मध्येच थांबवावं लागलं तर पुन्हा नाही देता येत."

"एकदा पुरे," भाऊ म्हणाले. "एक तारखेच्या आत झालं म्हणजे झालं."

महिना संपायला नऊ दिवस होते.

खोली पहिल्या मजल्यावर, खिडकीला जाड निळे पडदे. सकाळचे अकरा वाजले होते, खाली ओपीडीची गर्दी कलकलत होती, पण वर ऐकू येत नव्हतं. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची दाढीच्या दुकानातल्या खुर्चीसारखी मागे झुकणारी. "कटिंग पण करून द्या," ते सिस्टरला म्हणाले. मग पट्टी बांधली, सलाइन सुरू झालं, डॉक्टर कोपऱ्यातल्या टेबलाशी स्क्रीनसमोर बसल्या. मी माझ्या खुर्चीत.

पहिली दहा मिनिटं काही नाही. मग त्यांचे पाय हलायला लागले. उजवा पाय दाबत होता, सोडत होता. ब्रेक. घाट उतरतानाचा पाय तो. मी तो पाय तीन वर्षं ओळखत होते.

"हां," ते म्हणाले. मग पुन्हा, "हां, ऐकतोय ना."

आवाज त्यांचा नव्हता, म्हणजे त्यांचाच होता पण हलका. घरी धाकटीशी पूर्वी बोलत असतील तसा.

"काळी का? मग काळीच नाव ठेवायचं ना... ठिपका कुठंय?... कपाळावर. बरं." हसले. "हो तर, दम लागतो फार."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी तळहात खाली केला. राहू द्या.

भाऊ बोलत राहिले. कधी नुसतं हां, कधी एखादं वाक्य. डोळ्यांवरच्या पट्टीच्या कडा ओल्या झाल्या, पण चेहरा मोकळा होत होता. चार महिन्यांत कपाळावर पडलेली ती उभी आठी माझ्या बघता बघता गेली. मग ते म्हणाले, "सांग आता. वळण गेलं. आता सरळ रस्ताय, कुणी नाही. सांग."

आणि गप्प झाले.

ओठ किंचित उघडे. पाय थांबला. हात खुर्चीच्या कडेवरून खाली सुटला आणि तसाच लोंबत राहिला.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. छाती हलत नाही असं मला दिसलं. चार, पाच. बोलणारा माणूस गप्प झाला होता. सहा.

मग मी उठले होते. माझी उजव्या हाताची मूठ त्यांच्या छातीच्या हाडावर होती आणि पेरांनी मी ते हाड रगडत होते, बेशुद्ध माणसाला जागं करताना रगडतो तसं, सगळं वजन टाकून. मी ओरडत होते, "भाऊ! वाबळेभाऊ! डोळे उघडा! माझ्याकडे बघा!" डॉक्टर उठून येईपर्यंत मी त्यांचा जबडा वर उचलला होता, पट्टी ओढून काढली होती.

त्यांनी डोळे उघडले. असा चेहरा मी त्याआधी फक्त अपघातात बघितला होता. ते किंचाळले. सलाइनची सुई निघाली, रक्त शर्टावर. डॉक्टरांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. सिस्टर धावत आली.

"श्वास मिनिटाला चौदा होता, हेमांगी," डॉक्टर म्हणाल्या. रागानं नाही, हळूच. "ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव टक्के. स्क्रीन तुम्हालाही दिसत होती. तुम्ही बघितलीच नाही."

तीन वर्षं गाडीत मी स्क्रीनशिवाय दुसरं काही बघितलं नव्हतं. त्या दिवशी एकदाही बघितली नाही.

दुपारी दोनपर्यंत त्यांना बाहेर सोडलं नाही. मग आम्ही खालच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. शेजारी एक बाई बाळाला वाटीनं पेज भरवत होती. भाऊंनी शर्टावरच्या डागावर रुमाल दाबून धरला होता.

"माझ्यामुळे गेलं," मी म्हटलं. "मी डॉक्टरांना लेखी देते. माझी चूक आहे, परत संधी द्या म्हणून."

"नाही देणार. नियमय." त्यांनी रुमालाची घडी बदलली. "ती तोंड उघडत होती, मॅडम."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी वळणावर समोरून कंटेनर आला. निम्मा माझ्या बाजूला. आणि ही मागून काका, काका. मी म्हणलो, गप बस जरा, एक मिनिट. म्हणलो का ओरडलो, मलाच माहीत नाही. कंटेनर गेला. मी म्हणलो, हां, बोल आता कस्तुरे. ती बोललीच नाही. मला वाटलं रुसली." त्यांनी रुमाल पुन्हा डागावर दाबला. "मी तिला गप केलं आणि ती गप झाली. काय सांगत होती काय माहीत. आज सांगणार होती. एक मिनिट अजून पाहिजे होतं फक्त."

पेज भरवणाऱ्या बाईनं बाळाचं तोंड पुसलं. मी तिच्या हाताकडे बघत होते. आता गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. काचेच्या मागे फक्त मी होते.

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली.

"ती तुम्हाला हाक मारत होती, तुम्ही गप म्हणालात, मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, ताई, मला झोप येतेय." माझा आवाज अगदी सरळ होता, केस सांगतानाचा. "मी आईच्या तोंडात नळी घालत होते. मी म्हटलं, झोप मग."

माझी मुलगी रेवा आता अडीच वर्षांची आहे. ती झोपली की मिळणाऱ्या तासाभरात मी हे लिहिते आहे. रोज रात्री ती डोळे चोळत येते आणि मांडीवर डोकं ठेवून तेच म्हणते, त्याच शब्दांत. हे ऐकायला आया दिवसभर आसुसलेल्या असतात. मी तिच्या फ्रॉकखाली हात घालून पोट दाबून बघते. ती हसते. तिला वाटतं, मी गुदगुल्या करते आहे.

"तुम्ही म्हणलात, झोप मग," भाऊ म्हणाले.

"हो. अंगातलं रक्त कमी झालं की अशी झोप येते. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं. मी ऐकलं, आणि कळलंच नाही. म्हणजे कान ऐकत होते."

"कितीदा म्हणाली?"

"दोनदा."

"दोनदा," ते म्हणाले.

ते उठले. मला वाटलं, निघाले. नळावर गेले, तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ ओंजळीत चेहरा धरून उभे राहिले. परत आले ते बाकाशी थांबलेच नाहीत, सरळ जिना चढले. मी मागे गेले. डॉ. इनामदार जेवायला बसत होत्या, डब्याचं झाकण हातात.

"मॅडमचं नाव लिहून घ्या," भाऊ दारातूनच म्हणाले.

"भाऊ, मला काही—"

"तुम्ही थांबा." इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्यावर चढ्या आवाजात बोलले. मग डॉक्टरांकडे वळले. "बाई चार महिने जेवते, झोपते, हसते. मला वाटलं, देवानं हिला वेगळं काळीज दिलंय. लिहा नाव. सोबत मी बसतो."

एक तारखेला त्यांनी चावी जमा केली. सही करताना साहेबांना म्हणाले, "डिझेल फुल आहे." पुढे ते मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत बसायला लागले, असं कळलं.

माझी औषधाची तारीख त्याच आठवड्यातली, मंगळवार, सकाळी अकरा.

सोमवारी रात्री मी अर्ज पुन्हा वाचला. मंगळवारी सकाळी अंघोळ केली, डबा भरला, निघाले आणि निफाडच्या गाडीत बसून आईकडे गेले. फोन बंद ठेवला. आई म्हणाली, अचानक कशी? मी म्हटलं, सुट्टी होती. तिनं थालीपीठ लावलं. मी तीन खाल्ली.

संध्याकाळी फोन चालू केला तर डॉक्टरांचा एक मेसेज होता. रागाचा एक शब्द नव्हता त्यात. लिहिलं होतं की वाबळे साडेदहालाच आले, दीड वाजेपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसून होते, चहा विचारला तर नको म्हणाले. जाताना विचारत होते, पुढच्या मंगळवारी येऊ का.